ऊन नको, उजेड हवा: घरातल्या ऑर्किडच्या दिव्यांची पार्श्वभूमी

नागपुरात उन्हाला तोटा नाही. तरी इथे घरात ऑर्किड ठेवणाऱ्याला दिवा कोणता घ्यावा हा प्रश्न पडतो, आणि त्याचं मूळ उन्हातच आहे. एप्रिलमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, मेमध्ये ४५ ला टेकतो आणि हवेतला ओलावा आटून जातो. दमट जंगलात फांद्यांच्या सावलीत वाढणारं फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड अशा वेळी गच्चीवर हिरव्या जाळीखालीही तग धरत नाही; पानं मऊ पडतात, सुरकुततात. मग कुंडी कूलरच्या खोलीत येते. तिथे ओलावा मिळतो, पण नवतपाच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) धास्तीने पडदे सकाळीच ओढलेले असतात. पुढे पावसाळ्यात पडदे उघडले तरी बाहेर ढग असतात.

आपला डोळा कमी उजेडाला लगेच सरावतो, म्हणून खोली अंधारी वाटत नाही. आकडे वेगळंच सांगतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स (एखाद्या जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, पडदे ओढलेल्या खोलीत दोन-तीनशे मिळाले तरी खूप. फॅलेनॉप्सिसला दिवसाच्या चढत्या वेळी १० ते १५ हजार लक्स लागतात, कॅटलिया जातीच्या ऑर्किडला २० ते ३० हजार, वांडा जातीला त्याहून जास्त.

विदर्भाच्या जंगलातल्या ऑर्किडना यातलं काहीच नको असतं. मोहाच्या, आंब्याच्या फांदीवर मुळं पसरून बसलेली वांडा टेसेलाटा याच उन्हाळ्यात, याच झळांमध्ये जगते. दिव्याचा प्रश्न आला तो नर्सरीतल्या संकरित झाडांबरोबर. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी ऑर्किडचं धुळीएवढं बी बुरशीच्या मदतीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर रुजवून दाखवलं. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी सिम्बिडियमच्या कोंबाच्या टोकापासून एकसारखी रोपं वाढवण्याची वाट दाखवली. श्रीमंतांच्या काचघरातलं झाड मध्यमवर्गीयांच्या टीपॉयवर आलं ते त्यानंतर.

दिव्याची गोष्ट याहून जुनी आहे. १८६१ मध्ये फ्रान्समधल्या एर्व्हे माँगों यांनी विजेच्या उजेडातही पानात हिरवेपणा येतो हे दाखवलं. १८८० मध्ये विल्यम सीमेन्स यांनी इंग्लंडमधल्या आपल्या घरच्या बागेत कार्बनचा आर्क दिवा लावून रात्रीसुद्धा झाडं वाढवून पाहिली. उघड्या आर्कसमोर पानं करपली. मध्ये काच आली तेव्हा त्रास कमी झाला. त्या काळच्या इंग्रज शौकिनाची अडचण आपल्या अगदी उलटी होती. त्याला कोळसा जाळून ऊब विकत घ्यावी लागे, त्यामुळे दिवा तापला तर त्याची फारशी तक्रार नसे. आपल्याला ऊब नकोच आहे. म्हणून या सगळ्या इतिहासाकडे मी एकाच प्रश्नाने बघतो: दिव्यातून उजेड मिळताना उष्णता किती पदरात पडते?

साधा पिवळा बल्ब इथेच बाद होतो. विजेतला जेमतेम विसावा हिस्सा उजेड होतो, बाकी सगळी धग. खरा बदल ट्यूबलाइटने केला. १९३८ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारात आली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तिथले हौशी लोक घराच्या तळघरात, फळ्यांवर, ट्यूबच्या खाली ऑर्किड फुलवू लागले. आपल्याकडची चोक-स्टार्टरवाली चार फुटी ४० वॅटची ट्यूब त्याच घराण्यातली. तिचे २,५०० च्या आसपास ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) फार नव्हेत, पण उजेड चार फुटांत सारखा पसरतो आणि काच इतकी थंड राहते की पान वीतभर अंतरावर ठेवता येतं. हे अंतरच महत्त्वाचं, कारण दिवा लांब गेला की उजेड झपाट्याने कमी होतो. ट्यूबची खोड एकच: टोकं काळी पडण्याच्या कितीतरी आधी तिचा उजेड उतरलेला असतो, आणि ते झाडाला आपल्या आधी कळतं. हरितगृहांतले सोडियमचे दिवे भरपूर उजेड देतात. पण नागपूरच्या घरात त्यांना जागा नाही, इतके ते तापतात.

यानंतर येतो जांभळा दिवा, आणि त्याच्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. परीक्षानळीत काढलेलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड शोषतं, हिरवा जवळजवळ सोडून देतं. यावरून झाडाला हिरव्याचा उपयोग नाही असा समज पसरला आणि १९६० च्या दशकात गुलाबी-जांभळ्या ट्यूब विकल्या जाऊ लागल्या. कीथ मॅक्री यांनी २२ पिकांची अख्खी पानं मोजून १९७२ मध्ये निष्कर्ष छापले: लाल उजेड सर्वांत कामाचा खरा, पण हिरवाही बऱ्यापैकी वापरला जातो. पान म्हणजे परीक्षानळी नव्हे; हिरवा उजेड त्याच्या आतल्या थरांत उसळत राहतो आणि बराचसा शोषला जातो. तरीही एलईडीच्या काळात जांभळा रंग परत आला. त्याचं कारण निराळं होतं. १९९० च्या सुमारास अमेरिकेत अंतराळातल्या शेतीसाठी एलईडीवर लेट्यूस वाढवण्याचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा तेजस्वी आणि परवडणारे एलईडी होते ते लाल. प्रखर निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये आणला, आणि लाल-निळा मिळून उजेड जांभळा झाला. त्याच निळ्या चिपवर फॉस्फरचा (उजेडाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाचा) थर देऊन पांढरा एलईडी झाला, आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, अकासाकी आणि अमानो यांना मिळालं.

आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडलेला एलईडी बल्ब दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. त्याचा फायदा ऑर्किडवाल्यांना आपोआप झाला. नागपूरच्या बर्डीवर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २० वॅटची पांढरी बॅटन (ट्यूबसारखी एलईडी पट्टी) साधारण २,००० ल्युमेन देते. चार फुटी फळीवर अशा दोन लावल्या आणि पानं वीतभर खाली ठेवली, तर पाचेक हजार लक्स मिळतात. वरच्या १० हजारांपेक्षा हे कमी दिसतं, पण उन्हाचा आकडा काही तासांचा असतो. दिवा टायमरवर १२ तास एकसारखा जळतो, म्हणून दिवसाची बेरीज जुळते. ४००० केल्विन (पिवळसर पांढरा) की ६५०० (निळसर पांढरा) यावर फार डोकं शिणवू नये, दोन्ही चालतात. जांभळ्या दिव्याच्या खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं असतं, तेव्हा तो प्रत्यक्षात किती वीज ओढतो ते आधी विचारावं.

पांढऱ्याचा आणखी एक फायदा कुंडीजवळ बसल्यावरच कळतो. जांभळ्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं, पानाच्या देठाशी चिकटलेले खवले किडे तर दिसतच नाहीत. पांढऱ्याखाली पान वाचता येतं: गर्द बाटलीसारखं हिरवं म्हणजे उजेड कमी, कडेला लालसर झाक म्हणजे जास्त, पोपटीकडे झुकलेलं हिरवं म्हणजे ठीक.

फूल मात्र दिव्याच्या हातात नाही. फॅलेनॉप्सिसला दांडा फुटायला काही आठवडे २५ अंशांच्या खालचं तापमान लागतं. २८ च्या वर सतत राहिलं तर ते पानंच काढत बसतं. त्यामुळे मार्च ते सप्टेंबर दिव्याखाली झाड पोसायचं आणि दिवाळीनंतर कुंडी दक्षिणेच्या खिडकीत न्यायची. तेव्हा ऊन तिरपं आणि सौम्य असतं, रात्री पारा १५ च्या आत उतरतो, आणि डिसेंबरपर्यंत पानाच्या बगलेतून दांडा डोकावू लागतो.