पतंगी कागदाची पट्टी आणि अपूर्णांक

१९७८ साली अमेरिकेतील एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांच्या बेरजेचा नुसता अंदाज विचारला होता आणि पर्याय दिले होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ असल्यामुळे उत्तर २ येते, हे केवळ २४ टक्के मुलांनी ओळखले. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले. अंशांची बेरीज १९ आणि छेदांची २१, म्हणजे या मुलांना अपूर्णांक ही एक संख्या न वाटता रेघेच्या वर-खाली लिहिलेल्या दोन सुट्या संख्या वाटत होत्या.

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत पावकी-निमकी तोंडपाठ असे आणि तिच्यामुळे हिशेब झटपट होत, परंतु अपूर्णांक लांबीसारखा मोजता येतो हे पाढ्यातून दिसत नाही. त्यासाठी उत्तरायणानंतर घरोघरी उरणारा पतंगी कागद पुरेसा आहे. त्याच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून एक पट्टी मुलाला दोनदा दुमडायला द्यावी आणि तिसरी घडी घालण्यापूर्वी भाग किती होतील ते विचारावे. पुष्कळ मुले ‘सहा’ म्हणतात. घडी उलगडल्यावर आठ निघतात, आणि छेद वाढला की भाग लहान होतो हेही तिथेच बोटांना कळते.

पट्टीचा खरा उपयोग बेरजेत होतो. १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असे लिहिणाऱ्या मुलाने पाच भागांच्या पट्टीवर २/५ मोजले, तर ते अर्ध्याहूनही कमी भरते आणि चूक त्याची त्यालाच सापडते. मग तीन भागांत दुमडलेली पट्टी न उलगडता पुन्हा मधोमध दुमडून सहा भाग केले, की अर्ध्यात तीन आणि तृतीयांशात दोन भाग बसतात; समच्छेद करण्याची रीत याहून वेगळी नाही. माझ्या मते भाकरीच्या चित्रापेक्षा पट्टी सरस, कारण तिला दुसरी पट्टी जोडली की ५/४ मिळतात आणि तीच पुढे संख्यारेषा होते. मात्र पट्ट्यांची लांबी सारखी नसेल, तर सारी तुलना फसते.

साधन आकर्षक असलेच पाहिजे असे नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पैशांची गणिते सोडवताना हुबेहूब नोटा-नाणी वापरणाऱ्या मुलांच्या अधिक चुका झाल्या.

पाच किंवा सात समान भाग घडीने नीट होत नाहीत. तेव्हा पट्टी रेघी वहीवर तिरपी ठेवून तिच्या एका कडेची दोन टोके पहिल्या आणि आठव्या रेघेवर आणावीत. कागद पातळ असल्याने मधल्या रेघा आरपार दिसतात आणि त्या कडेवर जिथे येतात तिथे खुणा केल्या की सात समान भाग मिळतात, कारण समान अंतरावरच्या समांतर रेघा कोणत्याही तिरप्या रेघेचे समान तुकडे करतात.