से, टेल, स्पीक आणि टॉक
'से' हे इंग्रजीत पदोपदी येणारे क्रियापद. अर्थ 'म्हणणे'. टेल, स्पीक आणि टॉक ही त्याची जवळची भावंडे. कोशात चौघे शेजारी बसतात, पण वाक्यात एकाच्या जागी दुसरे चालत नाही. मराठीत म्हणणे, सांगणे, बोलणे हे त्रिकूट असल्याने आपल्याला यांतला फरक समजायला जड जात नाही. अडते ते वाक्य जुळवताना.

पुण्यातल्या कोणत्याही इंग्रजीच्या शिकवणीत 'ही सेड मी' हे वाक्य हमखास ऐकू येते. ही चूक अज्ञानातून येत नाही, मराठीच्या 'ला' मधून येते. 'तो मला म्हणाला' आणि 'त्याने मला सांगितलं' या दोन्ही वाक्यांत ऐकणारा 'मला' असाच येतो. इंग्रजीत मात्र ऐकणाऱ्याला थेट कवेत घेते ते टेल: 'ही टोल्ड मी'. से चा ओढा उच्चारलेल्या शब्दांकडे असतो. ऐकणारा सांगायचाच असेल तर मध्ये 'टू' लागतो: 'ही सेड टू मी'. 'आई मला म्हणाली, येताना दूध आण' याचे इंग्रजी करताना मूल 'मदर सेड मी' असे सुरू करते. तेव्हा त्याला आधी मराठीतच वाक्य फिरवायला लावावे: 'आईने मला दूध आणायला सांगितलं.' 'सांगितलं' आले की टेल सुचते: 'मदर टोल्ड मी टू ब्रिंग मिल्क'. नियम पाठ करून घेण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी जास्त टिकते.

खरे तर पुणेकराचा कान अशा फरकांसाठी तयार असतो. मुंबईत सर्रास ऐकू येणारे 'तो मला बोलला की उद्या येतो' हे वाक्य पुण्यात खटकते. इथे 'तो मला म्हणाला' हवे. 'तो मला बोलला' याचा इथला अर्थ तो मला रागावला. म्हणणे आणि बोलणे यांत इतकी काटेकोर सीमा पाळणाऱ्याला से आणि स्पीक वेगळे ठेवणे अवघड जाऊ नये.

टेल चा इतिहास मोठा गमतीचा आहे. जुन्या इंग्रजीत 'टेलन' म्हणजे मोजणे आणि सांगणे, दोन्ही. बँकेच्या खिडकीमागे नोटा मोजणारा तो टेलर, तो यामुळेच. 'अनटोल्ड वेल्थ' म्हणजे अगणित संपत्ती, 'ऑल टोल्ड' म्हणजे एकूण मिळून. जर्मनमध्ये अजूनही मोजणे म्हणजे 'त्सेलन' आणि गोष्ट सांगणे म्हणजे 'एर्त्सेलन'. एकेक प्रसंग मोजत पुढे जावे तशी गोष्ट सांगायची, म्हणून गोष्टीला 'टेल' हे नामही त्याच कुळातले. खरे, खोटे, गोष्ट, विनोद यांना टेल च लागते: 'टेल द ट्रूथ', 'टेल अ लाय'. इथे ऐकणारा नसला तरी चालते. 'कॅन यू टेल?' मध्ये टेल चा अर्थ ओळखता येणे असा होतो.

स्पीक एकतर्फी आणि जरा औपचारिक. सभेत बोलणे आणि भाषा येणे, दोन्हींसाठी हेच: 'शी स्पीक्स मराठी'. टॉक मध्ये समोरचाही बोलतो. कट्ट्यावरच्या गप्पा टॉक, व्यासपीठावरचे भाषण स्पीच.

से चे काही उपयोग मराठीत वेगळ्या वाटेने जातात. 'द बोर्ड सेज' चे मराठी 'पाटी म्हणते' असे करू नये, 'पाटीवर लिहिलंय' असेच म्हणावे. पाट्यांच्या या शहरात हे वेगळे सांगायला नको. याउलट 'से, टेन पीपल' आणि आपले 'दहा जण म्हणा' यांचा मेळ थक्क करणारा आहे. 'दे से' साठी आपल्याकडे 'असं म्हणतात' आहेच, शिवाय वाक्याअखेरीस एकटा 'म्हणे' पुरतो: 'तो येणार नाही म्हणे.' मात्र आपण गाणेही म्हणतो आणि पाढेही. इंग्रजीत गाण्याला 'सिंग', पाढ्यांना 'रिसाइट'. उच्चारातही सावध राहावे: 'सेज' आणि 'सेड' यांतला ए 'रेड' मधल्यासारखा आखूड आहे, स्पेलिंग पाहून तो लांबवू नये.

या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या कामात पुण्याचा जुना वाटा आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. तिथे प्रमुख असलेल्या मेजर थॉमस कँडी यांनी मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश पूर्ण केला. तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेयही कँडींनाच दिले जाते. त्याआधी कोणाचे बोलणे कुठे संपले हे 'असे म्हणाला', 'म्हणोन' या शब्दांवरूनच कळत असे. आज अवतरणचिन्ह असूनही आपण 'येतो म्हणून म्हणाला' असे सहज बोलून जातो.