घड्याळातली उंची: दाब, उपग्रह आणि बेरजेचा वाद

मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या उंचीच्या आकड्यावरून धावपटू आणि ट्रेकर मंडळींत जे वाद चालतात, ते बहुतेक २००० सालानंतरचे. त्याआधीचं थोडक्यात. १६४८ मध्ये फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन पाहिली आणि वर जाल तसा पारा उतरतो, म्हणजे हवेचा दाब कमी होतो, हे पक्कं झालं. एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षण करणारे पाणी किती अंशांवर उकळतं त्यावरून डोंगराची उंची काढत. तीनशे मीटरला साधारण एक अंश. १९२० च्या दशकाच्या शेवटी विमानात स्थानिक दाब फिरवून लावता येईल असा अल्टिमीटर, म्हणजे दाबावरून उंची दाखवणारा मापक, आला, आणि वैमानिक आजही उतरण्याआधी तो दाब विचारून घेतात. १९९० च्या सुमारास हाच दाबमापक मनगटावर आला. विचारून घ्यायची शिस्त मात्र विमानातच राहिली.

उपग्रहांची गोष्ट वेगळी. मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली होती. उंचीत ती दीडशे मीटरपर्यंत जायची. ती काढल्यावर २००३ च्या सुमारास धावण्यासाठीची जीपीएस घड्याळं बाजारात आली. पण सगळे उपग्रह डोक्यावरच असतात, पायाखाली एकही नाही, त्यामुळे उभी चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट राहतेच. त्यात उपग्रहांवरून निघणारी उंची ही पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या एका गणिती लंबगोलापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. समुद्रसपाटी या लंबगोलाच्या खाली जाते असा जगातला सर्वांत खोल खड्डा श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, १०० मीटरहून जास्त. त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. मुंबईच्या किनाऱ्यावर दुरुस्ती न केलेला जीपीएस उणे साठाच्या खालचा आकडा दाखवेल. घड्याळं ही दुरुस्ती आतल्या आत करतात, म्हणून सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून दाबमापकाचं घड्याळ घ्या, असा सल्ला गेली कितीतरी वर्षं सर्रास दिला जातो. तो बरोबरच आहे, पण युरोपातल्या हवेसाठी जास्त. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो: सकाळी दहाच्या सुमाराला वर, दुपारी चारच्या सुमाराला खाली. दख्खनमध्ये हा फरक तीन-चार हेक्टापास्कलचा (हे दाबाचं एकक) असतो, आणि एक हेक्टापास्कल म्हणजे साडेआठेक मीटर. सकाळी दहाला पायथा सोडून चारला त्याच टपरीवर चहाला बसलात, तर घड्याळाच्या मते ती टपरी पंचवीस-तीस मीटर वर सरकलेली असते. युरोपात हा रोजचा फरक जेमतेम जाणवतो. पावसाळ्याचा हिशेब आणखी मोठा. मुंबईत जानेवारीतला सरासरी दाब जुलैपेक्षा नऊएक हेक्टापास्कलने जास्त असतो, म्हणजे जानेवारीत लावलेलं घड्याळ जुलैत पंचाहत्तर मीटर उंचावर उभं.

शिवाय उष्मा. दाबावरून उंची काढण्याचं सूत्र समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरून चालतं. एप्रिलमध्ये तीस अंशांच्या हवेत सहाशे मीटरचा घाट चढलात, तर नुसत्या दाबावर तो चाळीसेक मीटर कमी भरतो. घड्याळातला तापमापक इथे कामाचा नाही, तो मनगटाची ऊब मोजत असतो. आणि दाबमापकाची बारीक भोकं घाम, साबण नाहीतर पावसाच्या पाण्याने तुंबली की घाटाचा आलेख अचानक सपाट होतो.

खरा तंटा मात्र समुद्रसपाटीवरून नाही, एकूण चढाच्या बेरजेवरून आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एका अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. त्यातून झालेला नकाशा अमेरिकेबाहेर बरीच वर्षं नव्वद मीटरच्या चौकटींचाच, दर चौकटीला एकच उंची असा, मिळत होता. धावण्या-चालण्याच्या नोंदी साठवणाऱ्या संकेतस्थळांनी ठरवलं, की घड्याळाला दाबमापक नसेल तर त्याची उंची टाकून द्यायची आणि या नकाशातली भरायची. माळरानावर हे ठीक. सह्याद्रीत नव्वद मीटरच्या एकाच चौकटीत कड्याचा माथा आणि पायथा दोन्ही येतात. कड्याखालून आडव्या जाणाऱ्या वाटेवर जीपीएस दहा-वीस मीटर हलला की कागदावर तुम्ही कडा चढून उतरलेले असता. उलट वांद्रे-वरळी सी लिंकवर नकाशाला पूल दिसतच नाही, खालचं पाणी दिसतं.

दुसरा निर्णय उंबरठ्याचा. किती मीटर वर गेल्यावर चढ धरायचा? एका मोठ्या संकेतस्थळाचा नियम असा, की दाबमापकाची नोंद असेल तर दोन मीटर, नसेल तर दहा. कात्रज-सिंहगड या रात्रीच्या वाटेवर मोठ्या टेकड्या दोन्हीकडे धरल्या जातात, पण मधले सात-आठ मीटरचे उंचवटे एका घड्याळात जमा होतात आणि दुसऱ्यात गायब. सोबत चाललेल्या दोघांच्या बेरजेत मग शंभर-दोनशे मीटरचा फरक पडतो, आणि ज्याचा आकडा मोठा तो आपलं घड्याळ अचूक म्हणतो. माझ्या मते दोन मीटरचा नियम उदार आहे. वाऱ्याच्या झोताने दाब थरथरला तरी तो चढ धरू शकतो. पण दहा मीटरच्या नियमाने आपल्या डोंगरधारांवरची निम्मी दमछाक पुसली जाते.

जून २०२० मध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आला. एकच चढण पुन्हापुन्हा चढून एव्हरेस्टइतके ८,८४८ मीटर भरायचे, या सायकलस्वारांच्या आव्हानात कोलोरॅडोत एकाने साडेसात तासांहून जरा जास्त वेळात विक्रम केला. नंतर तपासात त्या चढणीची नोंदलेली उंची प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाली आणि विक्रम रद्द झाला. काही दिवसांनी तो त्याच चढणीवर फेऱ्या वाढवून परत प्रयत्नाला उतरला. पायांत खोट नव्हती, बेरजेत होती.

अलीकडची घड्याळं दोन वारंवारितांवर उपग्रह ऐकतात. त्याने वाट नकाशावर नीट बसते. उंचीत सुधारणा आहे, पण तेवढी नाही. बऱ्याच कंपन्यांनी आता मधला मार्ग धरला आहे: सुरुवातीची उंची नकाशावरून घ्यायची आणि पुढचा चढ-उतार दाबावरून मोजायचा. यात सुरुवात कड्याच्या पायथ्याशी झाली तर पहिलाच आकडा चुकतो. त्यापेक्षा खात्रीचा आकडा रेल्वेच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेला असतो, समुद्रसपाटीपासून, रीतसर मोजलेला. कसारा, कर्जत, लोणावळ्याला उतरून ट्रेकला जाणाऱ्यांनी फलाटावरच तो घड्याळात भरावा, आणि पावसाळी दिवस असेल तर परतीच्या गाडीआधी पुन्हा एकदा ताडून पाहावा.