त्सुंदोकु

त्सुंदोकु : पुस्तके विकत घ्यायची, वाचायचीच आहेत असे मनाशी धरून घरी आणायची आणि मग न वाचता एकावर एक रचून ठेवायची, या सवयीचे जपानी नाव. ‘रचून ठेवणे’ आणि ‘वाचणे’ या अर्थाच्या शब्दांची ही गमतीदार सांधेजोड मेजी काळात (१८६८–१९१२) रूढ झाली. सवयीलाही त्सुंदोकु म्हणतात आणि तिच्यातून साठलेल्या ढिगालाही. शब्दात थट्टा आहे, निंदा नाही. जपानी माणूस आपल्या त्सुंदोकुबद्दल बोलतो ते साधारण आपण सुटलेल्या पोटाबद्दल बोलतो तसे.

ग्रंथसंग्रहाचा छंद वेगळा. संग्राहकाला पहिली आवृत्ती हवी असते, बांधणी हवी असते, दुसऱ्या कोणाकडे नसलेली प्रत हवी असते. इंग्लंडमधील सर टॉमस फिलिप्स (१७९२–१८७२) यांना तर जगातील प्रत्येक पुस्तकाची एक प्रत हवी होती. त्यांनी कर्ज काढून सुमारे ६०,००० हस्तलिखिते जमवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्या साठ्याची विक्री शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. त्यांचा ध्यास जतनाचा होता, वाचून संपवण्याचा नव्हे. त्सुंदोकु करणाऱ्याला मात्र खरोखर वाचायचे असते. त्याने घेतलेले पुस्तक बहुधा साधे, पुठ्ठ्याचे किंवा कागदी बांधणीचे, खिशाला परवडणारे असते. नेमके हे परवडणेच त्सुंदोकुच्या मुळाशी आहे. आळस, हाव, दिखाऊपणा ही कारणे लोक सांगतात, पण आळशी माणसे सर्व काळात होती. न वाचलेल्या पुस्तकांचे ढीग सामान्य घरांत दिसू लागले ते पुस्तक घेण्याचा खर्च ते वाचायला लागणाऱ्या वेळापेक्षा फार स्वस्त झाल्यावर.

जपानमध्ये हा बदल कधी झाला ते बरेच स्पष्ट दिसते. एदो काळात (१६०३–१८६८) शहरात वाचणारे लोक पुष्कळ होते, पण वाचन मुख्यतः भाड्याच्या पुस्तकांवर चाले. काशिहोनया म्हणजे पुस्तके भाड्याने देणारे. पाठीवर उंच गठ्ठा बांधून ते घरोघरी फिरत, ठरावीक दिवसांनी परत येऊन जुनी पुस्तके नेत आणि नवी देत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एकट्या एदो (आजचे टोकियो) शहरात असे सहाशेहून अधिक व्यावसायिक होते. परत न्यायला माणूस येणार असेल तर पुस्तक वाचून होते. निदान ते साठत तरी नाही. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. दादर, ठाणे, डोंबिवलीच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांची दिवाळी अंक योजना याच तत्त्वावर चालते. ठरावीक वर्गणी भरायची आणि अंक बदलून न्यायचे. आज नेलेला अंक परत केल्याशिवाय दुसरा मिळत नाही, म्हणून तो त्याच आठवड्यात वाचला जातो. विकत घेतलेला दिवाळी अंक मात्र पुढची दिवाळी आली तरी टीपॉयच्या खालच्या फळीवर असू शकतो.

मेजी काळात यांत्रिक छपाई आली, आधुनिक शाळा सुरू झाल्या, पुस्तके दुकानात विकली जाऊ लागली. तरी चांगल्या बांधणीचे पुस्तक मध्यमवर्गीयाला महागच होते. खरा धक्का १९२६ साली बसला. १९२३ च्या कांतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत टोकियोतील छापखाने, दुकाने व ग्रंथसाठे मोठ्या प्रमाणात जळाले होते आणि प्रकाशनव्यवसाय अडचणीत होता. काइझोशा या प्रकाशनसंस्थेने आधुनिक जपानी साहित्याची एक मोठी ग्रंथमाला जाहीर केली : दर खंडाला एक येन, वर्गणी आगाऊ नोंदवायची, घ्यायची तर सगळी माला, सुटा खंड मिळणार नाही. पाहता पाहता दोन लाखांहून अधिक वर्गणीदार झाले. इतर प्रकाशकांनी जागतिक साहित्य, नाटके, विचारवंतांचे लेखन अशा माला काढल्या आणि ‘एनपोन’ म्हणजे एका येनचे पुस्तक या नावाने ही लाट ओळखली जाऊ लागली.

दरमहा खंड येत राहिला. वर्गणीदार कारकून असो, शिक्षक असो की गावाकडचा दुकानदार, कामधंदा सांभाळून त्याला एका महिन्यात दाट छपाईचा जाडजूड खंड संपवता येणे कठीणच होते. पहिला संपायच्या आत दुसरा, दुसरा उघडायच्या आत तिसरा. माला पूर्ण झाली तेव्हा कपाट भरलेले होते आणि त्यातील किती वाचून झाले हा प्रश्न पाहुण्यांनी विचारायचा नसतो. इवानामी शोतेन या प्रकाशनसंस्थेने १९२७ साली खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकांची इवानामी बुंको ही माला सुरू केली. तिच्या जाहीरनाम्यात एनपोनवर सरळ टीका होती. सुटी विक्री नाकारून वाचकाला जखडून ठेवणे आणि डझनावारी खंड त्याच्या गळ्यात मारणे हे संस्थेला पटत नव्हते. वाचकाने हवे ते पुस्तक, हवे तेव्हा, एकेक करून घ्यावे असा तिचा आग्रह होता. विचार योग्यच होता. पण बुंको आकाराची छोटी पुस्तके (सुमारे १०.५ × १५ सेंमी.) इतकी स्वस्त आणि आटोपशीर निघाली की त्सुंदोकुला पुढे सर्वांत जास्त खाद्य त्यांनीच पुरवले. एनपोनची लाट ओसरल्यावर उरलेल्या प्रती पडेल भावात जुन्या बाजारात आल्या आणि ज्यांनी वर्गणी भरली नव्हती त्यांच्याही घरात ढीग झाले.

याच सुमारास महाराष्ट्रात श्री. व्यं. केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश २३ खंडांत निघत होता. त्यासाठी त्यांनी मर्यादित कंपनी काढली आणि वर्गणीदार मिळवले. हेतू निराळा आणि आवाका कितीतरी लहान, पण व्यवहाराची घडण तीच : वाचण्याआधी पैसे, आणि सुटा खंड नव्हे तर संच. मराठीत प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवलेले कोश, समग्र वाङ्मयाचे संच आणि बहुखंडी चरित्रे ज्या घरांत आहेत तिथे पहिल्या खंडाचा कणा सैल आणि चौथ्यापासून पुढचे कोरे करकरीत असे दृश्य हमखास भेटते. कोश सलग वाचायचे नसतात ही सबब मात्र कोशांपुरतीच चालते.

युद्धोत्तर जपानमध्ये ढीग वाढण्याला बाजाराची रचनाही कारण झाली. १९५३ पासून नव्या पुस्तकांच्या किमती कायद्याच्या संरक्षणाने स्थिर आहेत. दुकानदार सूट देत नाही, त्यामुळे थांबून स्वस्तात मिळेल ही आशा ठेवता येत नाही. दुसरीकडे दुकाने माल परतीच्या बोलीवर घेतात. वर्षाला साठ-सत्तर हजार नवी पुस्तके येत असल्याने न खपलेले पुस्तक थोड्या आठवड्यांत फळीवरून उतरते, प्रकाशकाकडे परत जाते आणि बऱ्याचदा पुन्हा छापले जात नाही. ‘आत्ता घेतले नाही तर मिळणार नाही’ ही वाचकाची भीती म्हणजे मनाचे खेळ नव्हेत, तो बाजाराचा अनुभव आहे. मग जुनी पुस्तके. १९९० साली सागामिहारा येथे सुरू झालेल्या बुक-ऑफ या दुकानसाखळीने १०० येनची फळी देशभर नेली. शंभर येनला मिळणारे पुस्तक नाकारायला कारण लागते, घ्यायला लागत नाही.

जुन्या पुस्तकांचे माहेर म्हणजे टोकियोच्या कांदा भागातील जिंबोचो. आसपास मेजी, निहोन, सेन्शू ही विद्यापीठे असल्याने विद्यार्थ्यांच्या देवघेवीवर ही पेठ वाढली. १९१३ च्या मोठ्या आगीनंतर ती नव्याने उभी राहिली. इवानामी शिगेओ यांचे जुन्या पुस्तकांचे दुकानही त्याच वर्षीचे, आणि पुढे त्यातूनच वर उल्लेखिलेली प्रकाशनसंस्था निघाली. आज येथे शंभराहून अधिक दुकाने आहेत. बहुतेक दुकाने यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून आहेत, कारण ऊन आत आले तर कण्यांचे रंग उडतात, कागद पिवळा पडतो. ग्राहकाच्या सोयीपेक्षा पुस्तकाच्या सोयीने वसलेला रस्ता क्वचित पाहायला मिळतो. दर शरद ऋतूत पदपथावर जुन्या पुस्तकांचा उत्सव भरतो आणि लोक दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परततात.

न वाचलेले जपानी पुस्तक ओळखायला सोपे असते. वेष्टनाभोवती कागदाची पट्टी (ओबि) असते. वाचताना ती सरकते, फाटते, हरवते. बांधलेल्या पुस्तकांत आणि शिंचो बुंकोसारख्या काही स्वस्त मालांतही खुणेची फीत असते. कारखान्यातून येताना ती पानांमध्ये वळवून दाबलेली असते. पुस्तक उघडले गेले नसेल तर वर्षांनंतरही फीत त्याच वळणात सापडते आणि दोन्ही पानांवर तिचा बारीक वळ उमटलेला असतो. फीत पुस्तकाबाहेर लोंबत असेल तर निदान कोणीतरी सुरुवात केली होती.

ढिगाचे वजन हा जपानमध्ये चेष्टेचा विषय नाही. निवासी खोलीची जमीन साधारणतः दर चौ. मीटरला १८० किग्रॅ. भार धरून आखलेली असते. ९० सेंमी. रुंद, ३० सेंमी. खोल, सहा फळ्यांचे कपाट घ्या. फळीवर चाळीस पुस्तके, पुस्तक सरासरी ४०० ग्रॅ. म्हटले तर एका रांगेचेच ९६ किग्रॅ. होतात, मागे दुसरी रांग लावली (सगळेच लावतात) की १९० च्या वर, आणि हा सर्व भार पाव चौ. मीटरच्या थोड्या अधिक जागेवर. लाकडी घरांत जमीन आधी करकरते, मग मधोमध झोळ पडतो. सरकते दार अडकू लागले की जाणते लोक सावध होतात. २००५ साली टोकियोच्या तोशिमा भागात एका जुन्या लाकडी इमारतीत वरच्या मजल्याची जमीन मासिकांच्या साठ्याने खचली आणि रहिवासी साठ्यासकट खाली आला, पण त्याचा जीव वाचला. भूकंपाची भीती तर कायमची. म्हणून कपाटे भिंतीला कोनपट्ट्यांनी जखडतात, कपाट आणि छत यांच्यामध्ये ताणदांडे बसवतात, जड पुस्तके खाली ठेवतात आणि उशाशी ढीग रचू नये असे सांगतात. हा शेवटचा नियम सर्वांत कमी पाळला जातो.

नाटककार-कादंबरीकार इनोउए हिसाशी (१९३४–२०१०) यांच्या घराची जमीनही पुस्तकांनी खचली होती. त्यांनी आपला साठा यामागाता प्रांतातील कावानिशी या जन्मगावाला दिला. १९८७ मध्ये तेथे त्यांच्या पुस्तकांचे ग्रंथालय उघडले आणि स्वतःच्या संथ लेखनाची थट्टा करत त्याला त्यांनी ‘चिहित्सुदो’, म्हणजे हळू लिहिणाऱ्याचे दालन, असे नाव दिले. पत्रकार ताचिबाना ताकाशी (१९४०–२०२१) यांनी दुसरा मार्ग काढला. १९९२ साली त्यांनी टोकियोत केवळ पुस्तकांसाठी एक चिंचोळी काळी इमारत बांधली. भिंतीवर मांजराचा मोठा चेहरा असल्याने ती मांजर-इमारत म्हणून प्रसिद्ध झाली. अर्थात तिला त्सुंदोकुचे स्मारक म्हणणे अन्याय होईल, कारण तो लेखनासाठी वापरात असलेला साठा होता.

न वाचलेल्या पुस्तकांवरची टीका जपानपेक्षा जुनी आहे. आयुष्यभरात ज्यांची शीर्षकेही वाचून होणार नाहीत इतकी पुस्तके कशाला, असे रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने विचारले होते. १४९४ साली बाझेलमध्ये छापलेल्या सेबास्टियन ब्रांट याच्या ‘मूर्खांचे जहाज’ या काव्यात जहाजावरचा पहिलाच मूर्ख पुस्तकवाला आहे. न समजणाऱ्या पुस्तकांवरच्या माश्या तो हाकत बसतो. युरोपात छपाई सुरू होऊन जेमतेम चाळीस वर्षे झाली होती.

बचाव करणारेही आहेत. लेखक नसीम निकोलस तालेब यांनी २००७ मध्ये इटालियन कादंबरीकार उंबेर्तो एको यांच्या ३०,००० पुस्तकांचा दाखला देऊन म्हटले, की न वाचलेली पुस्तके वाचलेल्यांपेक्षा मोलाची, कारण ती आपले अज्ञान डोळ्यांसमोर ठेवतात. हा युक्तिवाद त्सुंदोकु करणाऱ्यांना फार आवडतो, आणि तिथेच तो थोडा संशयास्पद होतो. एको यांना कोणते पुस्तक कशासाठी उघडायचे हे ठाऊक होते. ढिगातल्या तळाच्या पुस्तकाचे नावही आठवत नसेल तर ते कोणाला अज्ञान दाखवणार? अधिक ठोस आधार समाजशास्त्राकडून मिळतो. ३१ समाजांतील सुमारे १,६०,००० प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोळाव्या वर्षी घरात अधिक पुस्तके असलेल्यांची पुढील आयुष्यातील वाचन-गणिताची कौशल्ये चांगली आढळली. घरात साधारण ८० पुस्तके असली तरी सरासरी गाठली जात होती. मात्र प्रश्न घरात पुस्तके किती होती एवढाच होता, त्यातील वाचलेली किती हे विचारलेले नव्हते. पुस्तकांच्या घरात इतरही बऱ्याच गोष्टी असतात.

आता त्सुंदोकुची भावंडेही आहेत. न खेळलेल्या व्हिडिओ गेम्सना आणि खोक्यातून न काढलेल्या प्लॅस्टिकच्या जोडणी-प्रतिकृतींना जपानीत याच ‘रचण्या’वरून नावे पडली आहेत. ई-पुस्तकांच्या ढिगाला वजन नसल्याने त्याची घरात कोणी तक्रार करत नाही. तो सर्वांत वेगाने वाढतो.

ढिगाचा शेवट बहुतेक वेळा मालकाच्या हातून होत नाही. सार्वजनिक ग्रंथालये जागेअभावी भेट नाकारतात, तेव्हा वारस जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याला बोलावतात. तो खोलीभर नजर टाकून एकगठ्ठा भाव सांगतो, दोऱ्यांनी गठ्ठे बांधतो आणि व्यापाऱ्यांच्या आपसांतील लिलावात नेतो. तेथे रेघा मारलेल्या, समासात टिपा लिहिलेल्या प्रतींचा भाव पडतो. ओबि शाबूत असलेल्या, कधीच न उघडलेल्या प्रती वरच्या दराने जातात.