वस्त्र-छायाचित्रण (सोलापूर)

विक्रीसाठी किंवा प्रसिद्धीसाठी कापडाची व तयार कपड्यांची छायाचित्रे काढण्याच्या कलेला वस्त्र-छायाचित्रण म्हणतात. ही फॅशन छायाचित्रणाचीच एक शाखा आहे. मात्र मासिकाच्या पानावर कपडा घालणाऱ्याच्या रुबाबाला जे स्थान असते, ते येथे विणीला, किनारीला आणि रंगाच्या खरेपणाला द्यावे लागते.

छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी १९११ मध्ये पॅरिसचे पोशाखकार पॉल प्वारे यांच्या पोशाखांची छायाचित्रे काढली, तेथून आधुनिक फॅशन छायाचित्रणाची सुरुवात सामान्यतः मानली जाते. महाराष्ट्रात या क्षेत्राला सर्वाधिक प्रतिष्ठा मिळाली ती गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्यामुळे. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले राजाध्यक्ष लिंटास या जाहिरात संस्थेतून पुढे आले आणि चित्रपट मासिकांच्या मुखपृष्ठांमुळे घरोघरी पोहोचले. त्यांच्या छायाचित्रांत मऊ प्रकाशात उजळलेला चेहरा प्रधान असतो आणि पोशाख त्याला साथ देतो. सोलापुरात हा क्रम उलटा होतो, कारण छायाचित्र पाहणारा बहुधा परगावचा व्यापारी असतो आणि हात न लावता त्याला मालाची पारख करायची असते.

१८७७ मध्ये स्थापन झालेल्या, आता बंद पडलेल्या ‘जुनी गिरणी’ या कापड गिरणीची परंपरा, शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचे माग आणि अलीकडे वाढलेला गणवेशांचा व्यवसाय यांमुळे या शहरात छायाचित्रकारापुढे येणारा मालही तऱ्हेतऱ्हेचा असतो. जॅकार्ड मागावरच्या (छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनुसार धागे उचलून नक्षी विणणाऱ्या मागावरच्या) सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उलट रंगांत उमटते. म्हणून चादरीचा एक कोपरा दुमडून दोन्ही अंगे एकाच चौकटीत आणणे सोयीचे ठरते. समोरून फ्लॅश मारला तर वीण सपाट दिसते आणि जाड चादर छापील कापडासारखी वाटू लागते. दिवा एका बाजूला, जवळजवळ कापडाच्या पातळीवर ठेवला, की प्रत्येक धाग्याची बारीक सावली शेजारच्या धाग्यावर पडते आणि पोत उठून दिसतो. टॉवेलवर उभ्या राहणाऱ्या धाग्यांच्या फाशांनाही हाच नियम लागू पडतो. गडद लाल रंग कॅमेऱ्यात चटकन भडकतो आणि त्यातील नक्षी बुजते, त्यामुळे उजेड थोडा कमी ठेवावा लागतो. गणवेशाच्या बारीक चौकड्यांवर कधी कधी मूळ कापडात नसलेल्या लहरी उमटतात; अशा वेळी कॅमेऱ्याचे अंतर किंवा कोन किंचित बदलतात. शर्ट अंगावर बेतलेला दिसावा म्हणून पाठीमागे लावलेले चिमटे पाहणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. विक्रीच्या चित्रात ही सफाई रूढ असली, तरी मापाबाबत फसवणूक होईल इतकी ती ताणणे गैरच आहे.

या शहरातील सर्वांत अवघड पोशाख मात्र विक्रीचा नव्हे, तर श्रद्धेचा आहे. मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांसोबत, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांसोबत, चालणारे भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालतात. जानेवारीच्या भर उन्हात उजेडाची मोजणी कॅमेऱ्यावर सोपवली, तर पांढऱ्या कपड्यांनी भरलेली चौकट करडी पडते. उजेड फार वाढवला, तर शिवणीच्या रेघा आणि छातीवरच्या बंदांच्या गाठी धुऊन निघतात. या दोन चुकांमधली जागा अगदी अरुंद आहे. शक्य असल्यास तिरप्या उन्हाची सकाळ गाठावी. गाठी तेव्हा स्पष्ट दिसतात आणि कापडाच्या चुण्याही टिकतात.

छायाचित्र आणि वस्त्र यांचे नाते सोलापुरात उलट दिशेनेही चालते. येथील विणकर देवदेवतांच्या व नेत्यांच्या प्रतिमा भिंतीवर टांगायच्या वस्त्रांत विणतात. त्यासाठी छायाचित्राची चौकोनांच्या कागदावर आखणी करतात आणि कोणत्या ओळीत कोणता धागा उचलायचा हे जॅकार्डच्या पत्त्यांवर छिद्रे पाडून ठरवतात. आता आखणीचे काम संगणकावरही होते. धाग्यांचे रंग मोजकेच असल्याने गालावरची सौम्य छटा मागावर सहज उतरत नाही, म्हणून उजेड आणि सावली ठळकपणे वेगळी दाखवणारे छायाचित्र या कामाला अधिक उपयोगी पडते. अशा वस्त्रावरचा चेहरा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून लगेच ओळखू येतो. जवळ गेल्यावर त्याचे डोळे आडव्या-उभ्या धाग्यांच्या काही चौकोनांत विरून जातात.