४०१ आणि ४०३: टीसीने पास मागितला, की पास बघून खाली उतरवलं?

परवा अंधेरीच्या ऑफिसातून निघताना टीममधली नवी मुलगी म्हणाली, "दादा, लॉगिन चालत नाहीये, ४०३ येतोय." बॅग खांद्यावर होती, ७:५२ ची लोकल डोळ्यांसमोर होती. मी ऐटीत सांगून टाकलं, "४०३ येतोय म्हणजे लॉगिन चाललंय. रोल बघ, तुला कशाची परवानगी दिलीय ते."

उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. त्या दिवशी मात्र चुकलं. ते का चुकलं हे सांगण्याआधी ४०१ आणि ४०३, म्हणजे सर्व्हर नकार देताना पाठवतो त्या दोन आकड्यांमधला फरक बघू.

सेकंड क्लासचा पास घेऊन फर्स्ट क्लासच्या डब्यात शिरलात, समोर टीसी आला. तो म्हणतो, "पास दाखवा." हा ४०१. तुम्ही कोण हेच त्याला अजून कळलेलं नाही. पास घरी राहिला असेल, कालच संपला असेल, फोन बंद पडला असेल, काहीही असो. चालू पास दाखवला की पुढचं बोलणं होतं. पास दाखवल्यावर तो म्हणतो, "हा सेकंडचा आहे, उतरा." हा ४०३. पास खरा, तारीख बरोबर, फोटोही तुमचाच. तोच पास दहा वेळा पुढे केलात तरी उत्तर बदलणार नाही. (टीसी दोन्ही वेळा दंड घेतो, सर्व्हर घेत नाही. उपमा इथवरच.)

घोळाचं मूळ नावात आहे. ४०१ चं अधिकृत नाव 'अनऑथराइज्ड', म्हणजे 'अधिकार नाही'. अर्थ मात्र 'ओळख पटली नाही'. अधिकार नसल्याचं खरं सांगतो तो ४०३, 'फरबिडन'. नाव ठेवणाऱ्यांनी आपल्या डोक्याला कायमचा ताप देऊन ठेवलाय.

हा फरक कोडमध्ये महागात पडतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अनेक रिअ‍ॅक्ट ॲपमध्ये अ‍ॅक्सिओसचा इंटरसेप्टर (सर्व्हरचं प्रत्येक उत्तर मध्येच तपासणारा कोड) असतो: ४०१ आला की रिफ्रेश टोकन वापरून नवा टोकन (लॉगिननंतर मिळणारा डिजिटल पास) आणायचा आणि तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची. कुणीतरी सोय म्हणून त्यात ४०३ ही घालतं. मग नवा टोकन येतो, पुन्हा ४०३, पुन्हा नवा टोकन. प्रयत्नांना मर्यादा घातलेली नसेल तर हे चक्र थांबतच नाही. दुसऱ्या टीममध्ये ४०३ आला की थेट लॉगआउट करतात. बिचारा अकाउंट्सचा माणूस चुकून ॲडमिनच्या लिंकवर गेला की थेट बाहेर.

४०१ ची कारणं बहुधा क्षुल्लक असतात आणि म्हणूनच सापडत नाहीत. रिक्वेस्टच्या हेडरमध्ये (सोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) टोकनआधीचा 'बेअरर' शब्द लिहायचा राहिला. किंवा टोकनची मुदत सेकंदांत आणि तुलना जावास्क्रिप्टच्या मिलिसेकंदांशी, म्हणजे टोकन कायमच मुदतबाह्य. माझं लाडकं कारण खास भारतीय वेळेचं आहे. पायथॉनमध्ये यूटीसीनाऊ (आत्ताची यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) घेऊन त्यावर टाइमस्टॅम्प (वेळेचा सेकंदांतला आकडा) काढला की पायथॉन तो आकडा स्थानिक वेळ समजतो. मुंबईतल्या लॅपटॉपवर हिशेब साडेपाच तास मागे जातो आणि एक तासाचा टोकन जन्मतःच मेलेला असतो. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल तर तिथे सगळं सुरळीत. "माझ्या मशीनवर चालतं" याचं नेमकं उलटं. पायथॉन ३.१२ पासून यूटीसीनाऊ वापरू नका अशी सूचना येते. ती वाचायची असते.

४०३ मध्ये रोल आणि परवानग्या तर आल्याच. पण जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच साइटवरून आल्याची खूण) पाठवायचा राहिला तरी ४०३, एनजिनएक्स या वेब सर्व्हरला फोल्डर वाचायची परवानगी नसली तरी ४०३. ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइल-साठवणीत फाइल अस्तित्वातच नसेल आणि बकेटची (फाइलींच्या कप्प्याची) यादी बघायचा हक्क तुम्हाला नसेल, तरीही ४०३. तिथे परवानग्या तपासत बसतो आणि फाइलच्या नावात स्पेलिंगची चूक निघते. गिटहब त्याच्याही पुढचं, दुसऱ्याच्या खासगी रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) सरळ ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', देतं. आत काही आहे हेच कळू द्यायचं नाही.

आता माझी चूक. आमचं एपीआय (ॲपला डेटा देणारी सर्व्हरची बाजू) जँगो रेस्ट फ्रेमवर्कवर आहे आणि सेटिंगमध्ये सेशन ऑथेंटिकेशन (कुकीवरून ओळख पटवणं) पहिलं. एचटीटीपीचा नियम असा की ४०१ देताना ओळख कशी पटवायची हे सांगणारा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट' हेडर द्यायलाच हवा. सेशन कुकीच्या पद्धतीकडे तो हेडर नसतो. म्हणून फ्रेमवर्क नियम पाळायला लॉगिन नसलेल्यालाही ४०३ देतं. म्हणजे आमचा टीसी पास न बघताच "उतरा" म्हणत होता.

रिस्पॉन्सची बॉडी उघडली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं. तिथे इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं की ओळखीचा तपशील मिळालाच नाही. परवानगी नसती तर वेगळं वाक्य असतं. पण ती पोरगी अर्धा तास रोलच्या टेबलात डोकं घालून बसली, माझ्या सांगण्यावरून. ७:५२ गेली, ८:१० ही गेली.

कारण साधं निघालं. फ्रंटएंड (ब्राउझरमधली बाजू) ३००० पोर्टवर, एपीआय ८००० वर. पोर्ट बदलला की ओरिजिन (ब्राउझरच्या लेखी साइटचा पत्ता) बदलतो, आणि वेगळ्या ओरिजिनला ब्राउझरचं फेच फंक्शन आपणहून कुकी पाठवत नाही. 'क्रेडेन्शियल्स: इन्क्लूड' लिहावं लागतं. तिने ते लिहिलं आणि कन्सोलमध्ये लगेच सीओआरएसची (वेगळ्या ओरिजिनला परवानगी देण्याच्या नियमांची) लाल ओळ आली: कुकी पाठवायची तर परवानगीच्या हेडरमध्ये तारांकन (*, म्हणजे 'कुणीही') चालत नाही, ओरिजिन नावानिशी लिहा. निदान या एररने तरी आपलं कारण स्वतःच सांगितलं.