योक व थ्रॉटल (घरगुती फ्लाइट सिम्युलेटरसाठी)

घरच्या संगणकावर विमानोड्डाणाचा सराव करताना कळफलक आणि माऊसऐवजी वापरायची हातनियंत्रणे. योक हे मेजाच्या कडेला घट्ट बसवायचे अर्धचाक असते. ते डावी-उजवीकडे फिरवले की एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) हलतात, आत-बाहेर केले की एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी). थ्रॉटल हा इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा. रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) पायपट्ट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

नाव व उगम : इंग्रजी ‘योक’ आणि मराठी ‘जू’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. संस्कृत ‘युग’ आणि लॅटिन ‘युगुम’ ही त्यांची भावंडे. बैलांच्या मानेवरचे हे आडवे लाकूड विमानात कसे पोचले याबद्दल मात्र मतभेद आहेत. जहाजाच्या सुकाणूच्या माथ्यावर आडवी पट्टी बसवून तिला दोन्हीकडून दोर बांधत. त्या पट्टीला योक म्हणत आणि वैमानिकांनी तो शब्द तिथूनच उचलला, असे एक मत. दुसरे मत अमेरिकेतील ग्लेन कर्टिस यांच्या आरंभीच्या विमानांकडे बोट दाखवते. त्यांत वैमानिकाच्या खांद्यांभोवती चौकट असे आणि तो ज्या बाजूला कलेल त्याप्रमाणे एलेरॉन हलत. चाक तिथेही होते, पण ते सुकाणूसाठी. तिसरे मत फ्रान्समधील देपेर्दुसाँ विमानांचे. १९१०च्या आगेमागे त्यांत नालाच्या आकाराची उलटी कमान वैमानिकाच्या मांड्यांवरून आडवी जाई आणि तिच्या मध्यावर चाक असे. कमान पुढे-मागे केली की नाक खाली-वर, चाक फिरवले की पंखांना पीळ. जहाजाच्या सुकाणूवरील पट्टी सर्वांत जुनी खरी, पण आजच्या योकची हालचाल देपेर्दुसाँ कमानीशी तंतोतंत जुळते. शिवाय तिचा आकारही बैलांच्या जुवासारखाच आहे. म्हणून हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकी सैन्यात ही मांडणी ‘डेप’ या लघुनावाने ओळखली जाई. रॉबेर एस्नो-पेल्तेरी आणि लुई ब्लेरिओ यांच्या विमानांतून रुळलेला सरळ दांडा ही तिची प्रतिस्पर्धी. लढाऊ विमानांनी दांडा ठेवला, तर मोठ्या प्रवासी विमानांनी चाक उचलले. चाकाला दोन्ही हातांचा जोर लावता येतो, हे त्याचे एक कारण.

‘थ्रॉटल’चा मूळ अर्थ गळा दाबणे. कार्ब्युरेटरच्या घशातली झडप मिटली की इंजिनाचा श्वास कोंडतो, म्हणून हे नाव. जेट इंजिनात ही झडप नसते, त्यामुळे तिथे ‘थ्रस्ट लिव्हर’ म्हणणे अधिक बरोबर. बोलण्यात मात्र थ्रॉटलच टिकले आहे.

घरगुती वापर : एडविन लिंक यांचा प्रशिक्षक-पेटारा १९२९चा, पण तो लष्कर आणि उड्डाणशाळांसाठी होता. घरात हा छंद आला तो १९७९च्या सुमारास, ब्रूस आर्टविक यांच्या अ‍ॅपल-२ संगणकावरील आज्ञावलीमुळे. १९८२मध्ये मायक्रोसॉफ्टने तिची आवृत्ती काढली. तेव्हा उडवणे बहुधा कळफलकावरच चाले. घरगुती योक १९९०च्या दशकात सीएच प्रॉडक्ट्समुळे परिचित झाले. पुढे साइटेक (२०१६पासून लॉजिटेककडे), हनीकोंब, थ्रस्टमास्टर व टर्टल बीच यांची उपकरणे आली.

निवड : पहिला प्रश्न विमानाचा. एअरबस ए-३२०मध्ये योक नाहीच, कडेला छोटा दांडा असतो. ज्याला तेच उडवायचे आहे त्याने योक घेणे म्हणजे नांगराला घोडा जुंपणे. सेस्ना १७२ किंवा बोइंग ७३७साठी मात्र योकच हवे.

दुसरा प्रश्न चाक किती अंशांत फिरते हा. लॉजिटेकचे योक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९० अंश फिरते, तर हनीकोंब अल्फा १८० अंश. फरक हाताला लगेच कळतो. पहिल्यात मनगट ४५ अंश वळले की एलेरॉन टोकाला पोचतात, दुसऱ्यात त्यासाठी ९० अंश लागतात. म्हणजे हाताची तीच थरथर पहिल्यात दुपटीने उमटते आणि धावपट्टीवर उतरताना विमान डुलत येते. प्रतिसाद-वक्र (चाक किती वळले की विमानाने किती वळावे, हे ठरवणारी आज्ञावलीतली सोय) बदलून मध्यावरचा प्रतिसाद सौम्य करता येतो, पण मग कडेला तो एकदम तीव्र होतो.

संवेदकाचा मुद्दा त्यानंतर. पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवरून टोक घासत जाते. धूळ बसली वा पट्टी झिजली की पडद्यावरचे चाक आपोआप थरथरू लागते. हॉल संवेदक चुंबकीय क्षेत्र मोजतो. घासण्यासारखे काहीच नसल्याने तो टिकतो. (एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९मध्ये शोधला.) जाहिरातीत ‘१२ बिट’ असे ठळक छापतात, १८० अंशांचे ४,०९६ भाग केले तर एक भाग ०.०४ अंशाचा होतो. मनगटाला इतके बारीक वळण घेता येत नाही, म्हणून त्यावर फार भाळू नये.

स्प्रिंगकडे लक्ष द्यावे, कारण खऱ्या विमानाशी मुख्य तफावत तिथेच आहे. खऱ्या सेस्नात वैमानिक योक हवे तिथे धरून ठेवतो आणि ट्रिमचे (योकवरचा दाब उतरवणारे) चाक फिरवत जातो. हातावरचा दाब शून्य झाला की हात सोडला तरी योक तिथेच राहते. घरच्या योकमधली स्प्रिंग मात्र त्याला नेहमी मध्याकडेच ओढते. म्हणून ट्रिम फिरवत असताना योक हळूहळू मध्यावर आणावे लागते. ही उलटी सवय लागलेला विद्यार्थी खऱ्या विमानात पहिल्या दिवशी गोंधळतो. विद्युत मोटरने दाब देणारी (फोर्स फीडबॅक) योके ही अडचण दूर करतात, पण ती बरीच महाग असतात.

थ्रॉटलच्या बाबतीत गंमत अशी, की सेस्ना १७२मध्ये दांडे नसतातच. पॅनेलमधून आत-बाहेर सरकणाऱ्या दोन गोल मुठी असतात : काळी थ्रॉटलची, लाल इंधन-हवेच्या मिश्रणाची. बाजारातले बहुतेक संच मात्र दांड्यांचे. पायपर चेरोकीला ते शोभतात. दोन पिस्टन इंजिनांच्या बीचक्राफ्ट बॅरनला सहा दांडे लागतात. हनीकोंब ब्राव्होत सहा बसतात.

जेटमध्ये प्रश्न स्वयंचलित थ्रॉटलचा. ७३७मध्ये ती यंत्रणा दांडे स्वतः हलवते. घरी पडद्यावरचे दांडे मागे सरकतात आणि मेजावरचे पुढेच राहतात. यंत्रणा बंद करताच इंजिने एकदम गर्जतात. त्यामुळे बंद करण्याआधी हाताने दोन्ही जुळवून घ्यावेत. एअरबसमध्ये दांडे चढाईच्या खाचेत एकदा बसवले की जवळजवळ उतरेपर्यंत तिथेच राहतात. त्यामुळे खाचा असलेला स्वस्त संचही तिथे खऱ्याच्या जवळ जातो.

मांडणी : योक मेजाला आवळणारा शिकंजा किती जाडीच्या फळीला बसतो ते आधी मोजावे. काचेच्या किंवा कडेला गोलाई दिलेल्या मेजावर तो घसरतो. योक ओढल्यावर दांडी छातीच्या दिशेने बाहेर येते. खुर्ची तेवढी मागे हवी आणि कळफलकाला दुसरीकडे जागा. सुताराकडून मांडीच्या उंचीची प्लायवूडची फळी करून घेतली तर हात खऱ्या विमानातल्यासारखे खाली राहतात. घरी घालवलेले तास उड्डाण-नोंदवहीत धरले जात नाहीत. त्यासाठी डीजीसीएची (भारताच्या नागरी उड्डाण महासंचालनालयाची) मान्यता असलेला सिम्युलेटर लागतो.

१५ पिनांच्या गेमपोर्टची जुनी योके आजच्या संगणकाला थेट जोडता येत नाहीत. एक्सबॉक्सवर उडवणाऱ्यांनी खोक्यावर त्याचा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहावे, कारण संगणकावर चालणारे प्रत्येक योक तिथे चालत नाही.